मेंदूच्या भागाभागात ग्लायकोलिपिड का बदलतात, आणि तो फरक खरा आहे हे कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉर्टेक्स आणि लहान मेंदू अशा दोन ठिकाणचे तुकडे घेतले, त्यातून लिपिड काढलं, टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे पातळ थरावर मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची पद्धत) प्लेटवर गँग्लिओसाइडचे (साखर जोडलेल्या लिपिडचा, म्हणजे ग्लायकोलिपिडचा, एक प्रकार) बँड वेगवेगळे दिसले, तर हा मेंदूच्या भागांमधला खरा फरक समजायचा का, आणि समजला तर तो येतो कुठून.

फरक असतो, आणि चांगला ठळक असतो. पण मेंदूचा एखादा 'भाग' हा मुळात वेगवेगळ्या पेशींचा आणि मायलिनचा (मज्जातंतूंवरच्या चरबीयुक्त आवरणाचा) एकत्र गठ्ठा आहे, त्यामुळे प्लेटवर जे दिसतं ते त्या गठ्ठ्यातल्या प्रमाणाचं चित्र असतं, आणि ते उलगडल्याशिवाय 'लहान मेंदूत अमुक जास्त' हे वाक्य अर्धवटच राहतं. माझं बरंचसं काम याच विषयातलं असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबेल पण घाईत सांगण्यासारखं हे नाहीच.

आधी रेणू कसा आहे ते बघू. मेंदूतली बहुतेक ग्लायकोलिपिड्स सिरॅमाइडवर उभी असतात. सिरॅमाइड म्हणजे स्फिंगोसिन नावाची लांब साखळी आणि तिला जोडलेलं एक फॅटी ॲसिड, हे दोन्ही पेशीच्या पडद्यात रुतून बसतात आणि साखर बाहेरच्या बाजूला डोकं काढून राहते. स्फिंगोसिन हे नाव थुडिकम यांनी १८८४ मध्ये दिलं, मेंदूचं रसायन सगळ्यात आधी नीट उकलायला बसलेला हा माणूस. सिरॅमाइडवर एकच गॅलॅक्टोज असेल तर गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड, त्या गॅलॅक्टोजवर सल्फेट चढलं की सल्फटाइड. सुरुवात ग्लुकोजने झाली आणि पुढे गॅलॅक्टोज वगैरे जोडत साखळी वाढली, त्यावर सायलिक ॲसिड (साखरेचाच एक आम्लधर्मी प्रकार) बसलं, की ते गँग्लिओसाइड. हे नाव क्लेंक यांचं, १९४२ चं. जीएम१, जीडी१ए ही जी नावं आपण वापरतो ती स्वेनरहोम यांची पद्धत: एम, डी, टी, क्यू म्हणजे सायलिक ॲसिड एक, दोन, तीन, चार, आणि शेवटचं ए किंवा बी हे आतल्या गॅलॅक्टोजवर एक सायलिक ॲसिड आहे की दोन ते सांगतं. हे ए आणि बी नीट लक्षात ठेवा, भागाभागातला फरक बराचसा तिथेच लपलेला असतो.

प्रौढ सस्तन प्राण्याच्या मेंदूत चार गँग्लिओसाइड्सचं राज्य असतं, जीएम१, जीडी१ए, जीडी१बी आणि जीटी१बी. बाकीची डझनावारी आहेत पण प्रमाण किरकोळ. आणि मेंदूतल्या एकूण सायलिक ॲसिडपैकी साधारण तीन चतुर्थांश या लिपिडांवर असतं, प्रोटीनवर नाही. शरीरात इतरत्र गणित उलटं असतं, म्हणून मेंदूचा विचार करताना गँग्लिओसाइड बाजूला ठेवून चालतच नाही.

आता भागाभागातला फरक, तो तीन थरांत बघू. पहिला आणि सगळ्यात मोठा फरक ग्रे मॅटर (न्यूरॉनच्या पेशींचा करडा भाग) आणि व्हाइट मॅटर (तंतूंचा पांढरा भाग) यांच्यातला, आणि माझ्या मते लोकांना दिसणारे निम्म्याहून जास्त 'रीजनल' फरक हा एकच फरक वेगळ्या कपड्यात असतो. व्हाइट मॅटरमध्ये मायलिन असतं, मायलिनच्या कोरड्या वजनात ७० टक्क्यांहून जास्त लिपिड असतं आणि त्या लिपिडमधला एक चतुर्थांशाहून थोडा जास्त वाटा गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड आणि सल्फटाइडचा. हे दोन्ही ऑलिगोडेंड्रोसाइट, म्हणजे मायलिन तयार करणाऱ्या पेशी, बनवतात. उलट गँग्लिओसाइड हे मुख्यतः न्यूरॉनचं लिपिड, त्याच्या पेशीपडद्यावर, डेंड्राइटवर, ॲक्सॉनवर, सिनॅप्सपाशी, त्यामुळे ग्रे मॅटरमध्ये ते व्हाइट मॅटरच्या कितीतरी पट सापडतं. म्हणजे तुम्ही ब्रेनस्टेम किंवा स्पायनल कॉर्ड घेतलात आणि सेरेब्रोसाइड भरपूर, गँग्लिओसाइड कमी असं आलं तर त्यात नवल काही नाही, तिथे पांढऱ्या तंतूंचे जुडगेच जास्त आहेत.

मायलिनमध्ये गँग्लिओसाइड अजिबात नसतं असं मात्र नाही. मायलिनचं मुख्य गँग्लिओसाइड जीएम१. आणि माणसाच्या मायलिनमध्ये जीएम४ म्हणून एक वेगळंच प्रकरण असतं, ते ग्लुकोजवरून न येता गॅलॅक्टोसेरेब्रोसाइडवर सरळ सायलिक ॲसिड बसून तयार होतं, म्हणून ते ऑलिगोडेंड्रोसाइटच्या हद्दीत सापडतं. माणसात ते ठळक आहे, पण उंदराच्या मेंदूवरून माणसाचा अंदाज बांधणाऱ्यांच्या हातून ते हमखास निसटतं.

दुसरा थर साखरेच्या नक्षीचा, म्हणजे ग्रे मॅटरला ग्रे मॅटर लावून बघितलं तरी उरणारा फरक. माणसाच्या मेंदूवरच्या जुन्या टीएलसी कामात, विशेषतः क्राचुन आणि सहकाऱ्यांच्या १९८४ च्या अभ्यासात, फ्रंटल कॉर्टेक्समध्ये जीएम१ आणि जीडी१ए वरचढ दिसले, व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये जीडी१बी. लहान मेंदूच्या कॉर्टेक्समध्येही झुकाव बी कडेच, जीटी१बी तिथे ठळक. तुमच्या प्लेटवर लहान मेंदूत वरचे बँड फिके आणि खालचे, जास्त सायलिक ॲसिडवाले बँड गडद आले असतील तर ते या चित्राशी जुळतं. कारण एन्झाइममध्ये आहे: जीएम३ वरून वाट फुटते, तिथे जीडी३ सिंथेज जोरात असेल तर माल बी मालिकेत जातो, नसेल तर ए मालिकेत. एकाच फाट्यावर किती माल कुठे वळला यावर पुढच्या सगळ्या बँडचं प्रमाण ठरतं. म्हणून चार बँड म्हणजे चार स्वतंत्र निरीक्षणं असं धरू नका, त्यातली बरीच एकाच कारणाची पडछाया असतात आणि स्टॅटिस्टिक्स लावताना हे विसरलं की उगाच चार चार निष्कर्ष तयार होतात.

पण तरी प्रश्न उरतोच, की लहान मेंदूतल्या नेमक्या कुठल्या पेशीत? इथे मला सगळ्यात आवडणारं काम सेफ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्युटंट उंदरांवरचं. काही म्युटंट उंदरांत, जसं की वीव्हर, लहान मेंदूतल्या ग्रॅन्यूल पेशी मरतात, काहींत पर्किंजे पेशी मरतात. ग्रॅन्यूल पेशी गेल्या की जीडी१ए घसरतं, पर्किंजे गेल्या की जीटी१ए घसरतं, आणि जिथे पेशी मेल्यामुळे ग्लिया (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी) चेकाळतात तिथे जीडी३ वाढतं. म्हणजे त्याच लहान मेंदूत एकेका पेशीची आपापली सही आहे आणि आपण मात्र सगळं एकत्र वाटून एक आकडा काढतो. अख्ख्या वर्गाच्या सरासरी मार्कांवरून एका मुलाचे मार्क सांगता येत नाहीत, तसंच हे. रोगग्रस्त मेंदूत जीडी३ वाढलेलं दिसलं तर 'न्यूरॉनने जीडी३ बनवायला सुरुवात केली' असं म्हणायच्या आधी ग्लिया वाढल्यात का ते बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

अँटिबॉडी लावून स्लाइडवर बघितलं तर हे आणखी स्पष्ट होतं. उंदराच्या मेंदूत जीएम१ मुख्यतः व्हाइट मॅटरमध्ये चमकतं, जीडी१ए ग्रे मॅटरमध्ये आणि तेही काही ठरावीक न्यूक्लियस आणि तंतुमार्गांत, जीडी१बी आणि जीटी१बी दोन्हीकडे पसरलेले. पण इथे एक मोठी गोम आहे आणि ती मी जितक्या लोकांना सांगतो तितकी कमीच: डिटर्जंट वापरू नका. ट्रायटॉन घालून पेशी उघडायची सवय प्रोटीनवाल्यांची, त्यांना ती चालते, पण गँग्लिओसाइड हे लिपिड आहे, फिक्सेटिव्हने ते जागेवर पक्कं बांधलं जात नाही, आणि डिटर्जंट लागला की ते उठून शेजारी जाऊन बसतं. मग स्लाइडवर सुंदर चित्र येतं आणि ते चित्र चुकीच्या जागेचं असतं.

तिसरा थर शेपटीचा, म्हणजे सिरॅमाइडचा, आणि हा सगळ्यात दुर्लक्षित. साखर तीच पण खालची चरबी वेगळी असू शकते. न्यूरॉनच्या गँग्लिओसाइडमध्ये फॅटी ॲसिड बहुतेक वेळा १८ कार्बनचं स्टिअरिक, कारण न्यूरॉनमध्ये सिरॅमाइड सिंथेज १ काम करतं. मायलिनच्या सेरेब्रोसाइडमध्ये मात्र २४ कार्बनची लांबलचक, कित्येकदा हायड्रॉक्सिल लागलेली फॅटी ॲसिड्स, तिथे सिरॅमाइड सिंथेज २ आणि हायड्रॉक्सिल लावणारं एफए२एच. म्हणजे नुसती शेपटी बघूनही लिपिड न्यूरॉनचं की मायलिनचं याचा चांगला अंदाज येतो. आणि स्फिंगोसिनची साखळीसुद्धा दोन लांबीची असते, १८ कार्बन आणि २० कार्बन. २००८ मध्ये सेतोऊ यांच्या जपानी गटाने मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वस्तुमानावरून ओळखायची पद्धत) इमेजिंगने उंदराचा हिप्पोकॅम्पस बघितला तेव्हा १८ वालं गँग्लिओसाइड सगळीकडे पसरलेलं दिसलं, पण २० वालं डेंटेट जायरसच्या मॉलेक्युलर थरात, म्हणजे एन्टोरायनल कॉर्टेक्सकडून येणारे तंतू जिथे उतरतात त्या पट्ट्यात, एकवटलेलं होतं आणि वयाबरोबर ते वाढत होतं. साखर बघणाऱ्या कुठल्याही अँटिबॉडीला हा फरक दिसणार नाही, तिच्यासाठी दोन्ही सारखेच. मला वाटतं पुढच्या काळात खरी माहिती याच थरातून येणार आहे.

हे सगळं फक्त नकाशा काढायचं कौतुक नाही, आजारातून ते फार उघडपणे दिसतं. टे-सॅक्स आजारात जीएम२ तोडणारं एन्झाइम नसतं, जीएम२ साचतं ते न्यूरॉनमध्ये, म्हणजे मार ग्रे मॅटरवर. क्रॅबे आजारात गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड तोडणारं एन्झाइम नसतं, मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफीत सल्फटाइड तुटत नाही, दोन्हीकडे मार व्हाइट मॅटरवर. जे लिपिड जिथे बनतं तिथेच ते न तुटल्याची शिक्षा. टे यांनी १८८१ मध्ये बाळाच्या डोळ्यात जो चेरीसारखा लाल ठिपका बघितला तोही याच हिशोबाचा: रेटिनाच्या गँग्लिऑन पेशी जीएम२ ने भरून फिकट पांढुरक्या होतात, पण मधोमध फोव्हियावर त्या पेशी नसतातच, म्हणून तेवढा भाग लाल दिसत राहतो. आजूबाजूला लिपिड, मध्ये काही नाही, आणि डॉक्टरला नुसत्या ऑफ्थॅल्मोस्कोपने वितरण दिसतं. नर्व्हच्या बाबतीतही तसंच, डोळे हलवणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या क्रेनिअल नर्व्हमध्ये जीक्यू१बी जास्त, म्हणून मिलर फिशर सिंड्रोममध्ये जीक्यू१बी विरुद्धच्या अँटिबॉडी तयार होतात तेव्हा आधी डोळ्यांची हालचाल जाते. ज्या कुटुंबात अशी मुलं असतात त्यांना 'याच जागी का' हा प्रश्न पडतो, आणि त्याचं बरंचसं उत्तर या वितरणात आहे, म्हणून मी या विषयाला नुसती रसायनशास्त्राची यादी म्हणून बघू शकत नाही.

वयाचं पण लक्षात घ्या. गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या मेंदूत जीएम३ आणि जीडी३ असे साधे गँग्लिओसाइड भरपूर, मग न्यूरॉन पक्व होऊ लागले, सिनॅप्स बनू लागले की मोठे चार पुढे येतात. गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड मायलिन सुरू झाल्यावरच उगवतं, आणि मायलिन सगळीकडे एकाच वेळी होत नाही, ब्रेनस्टेम आधी, प्रीफ्रंटल भाग अगदी विशीपर्यंत चालू. म्हणजे लहान बाळाच्या मेंदूत दोन भागांतला फरक हा कायमचा फरक नसून 'कोण पुढे, कोण मागे' एवढाच असू शकतो. प्रौढ मेंदूतही सबव्हेंट्रिक्युलर झोनमधल्या स्टेम पेशी जीडी३ धरून ठेवतात, ते तिथे राहिलेलं बालपण म्हणा हवं तर. वेगवेगळ्या वयाचे नमुने एकत्र करून भागांची तुलना केलेली मी बघतो तेव्हा मला त्या आकड्यांवर विश्वास ठेवणं जड जातं.

आता तुमच्या प्लेटकडे येऊ, कारण इथे गोष्टी नेमक्या बिघडतात.

पहिलं म्हणजे आकडा कशावर भागलात? ओल्या वजनावर भागला असेल तर ग्रे मॅटरमध्ये पाणी ८० टक्क्यांच्या वर आणि व्हाइटमध्ये ७० च्या आसपास, म्हणजे एक ग्रॅम व्हाइटमध्ये कोरडा माल ग्रेच्या दीडपटीहूनही जास्त निघू शकतो. ओल्या वजनाचे आणि कोरड्या वजनाचे आकडे शेजारी ठेवलेत की काही फरक विरघळतात, काही नव्याने उगवतात. मी तरी दोन्ही देतो, आणि शिवाय प्रोटीनवर भागलेला तिसरा.

दुसरं, लिपिड काढताना फोल्च पद्धत वापरली असणार, क्लोरोफॉर्म मिथेनॉल २ ला १, मग पाणी घालून दोन थर. गँग्लिओसाइड वरच्या पाण्याच्या थरात जातात, सेरेब्रोसाइड आणि सल्फटाइड खालच्या थरात, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण कमी साखरेची गँग्लिओसाइड्स, म्हणजे जीएम३ आणि खास करून जीएम४, पूर्ण वर येत नाहीत, बराचसा भाग खाली राहतो. खालचा थर फेकून दिलात तर व्हाइट मॅटरचं एक खास गँग्लिओसाइड तुम्ही सिंकमध्ये ओतलंत, आणि मग 'व्हाइट मॅटरमध्ये विशेष काही नाही' असा निष्कर्ष तयार. त्यातच फॉस्फोलिपिड काढायला अल्कली लावली असेल तर ओ-ॲसिटाइल गट निघून जातात, म्हणजे ९-ओ-ॲसिटाइल जीडी३ सारखं काही असलं तरी ते साधं जीडी३ होऊनच प्लेटवर येतं.

तिसरं, माणसाचा पोस्टमॉर्टेम नमुना असेल तर किती वेळाने गोठवला ते विचारा. मेंदूत सायलिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते जीडी१ए, जीडी१बी, जीटी१बी यांच्यावरची सायलिक ॲसिड्स कापत कापत जीएम१ पर्यंत आणून सोडतं. आतलं एक सायलिक ॲसिड सहजी सुटत नाही म्हणून गाडी जीएम१ वर थांबते. म्हणजे जीएम१ वाढलेलं आणि बाकी तीन थोडे थोडे कमी असं चित्र आलं तर पहिला संशय उशिरावर घ्या, आजारावर किंवा भागावर नाही.

चौथं मास स्पेक्ट्रोमेट्रीचं, कारण आता बहुतेक जण तिकडेच जातात आणि जावंच. जीडी१ए आणि जीडी१बी यांचं वस्तुमान एकच आहे. नुसत्या पीकवर 'जीडी१' म्हणता येतं, ए की बी ते क्रोमॅटोग्राफी किंवा आयन मोबिलिटीशिवाय नाही, आणि वर सांगितलं तसं भागाभागातला मुख्य फरक तर नेमका ए आणि बी मध्येच आहे. शेपटीचंही तेच, २० कार्बनचं स्फिंगोसिन अधिक १८ चं फॅटी ॲसिड आणि १८ चं स्फिंगोसिन अधिक २० चं फॅटी ॲसिड यांचं वस्तुमान सारखं, तुकडे करून बघितल्याशिवाय कुठलं ते कळत नाही. ग्लुकोसिलसिरॅमाइड आणि गॅलॅक्टोसिलसिरॅमाइड हेही जुळे, आणि मेंदूत गॅलॅक्टोजवालं इतकं प्रचंड असतं की ग्लुकोजवाल्याचा बदल त्याच्या खाली दबून जातो, पार्किन्सन आणि जीबीए१ (ग्लुकोसिलसिरॅमाइड तोडणाऱ्या एन्झाइमचं जीन) वर काम करणाऱ्यांनी तर हे वेगळं केल्याशिवाय पुढे जाऊच नये. टीएलसीवर करायचं तर बोरेट लावलेली प्लेट घ्या, दोन्ही सुटे होतात. मॅल्डी इमेजिंगमध्ये (मॅट्रिक्स नावाचं रसायन लावून लेझरने रेणू उडवणारी मास स्पेक्ट्रोमेट्री) आणखी एक त्रास, लेझरखाली सायलिक ॲसिड गळतं, त्यामुळे जीटी१बी स्वतःच जीडी१ आणि जीएम१ सारखं दिसायला लागतं. शुद्ध जीटी१बी चा थेंब त्याच मॅट्रिक्सखाली, त्याच सेटिंगवर चालवून बघा, किती गळतं ते कळेल आणि नमुन्यातला जीएम१ चा आकडा किती खरा धरायचा तेही कळेल.

मग तुमच्या फरकाचं काय करायचं? मी तुमच्या जागी असतो तर आधी दोन्ही तुकड्यांत गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड मोजलं असतं, तेच मायलिनचं माप समजून. लहान मेंदूच्या तुकड्यात ते जास्त असेल तर तुकडा कापताना खालचं व्हाइट मॅटर आत आलंय, लहान मेंदूच्या घड्या इतक्या पातळ असतात की हाताने कापताना हे टाळणं फार अवघड, लेझर मायक्रोडिसेक्शन (लेझरने बारीक भाग अचूक कापणं) मिळालं तर उत्तमच. गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड दोन्हीकडे सारखं आलं आणि तरीही लहान मेंदूत जीटी१बी आणि जीडी१बी चा वाटा जास्त राहिला, तर तो न्यूरॉनचा फरक म्हणून धरायला हरकत नाही. त्यानंतर ए आणि बी चं गुणोत्तर काढा, सुट्या बँडपेक्षा ते गुणोत्तर कितीतरी भक्कम असतं कारण एकूण माल किती निघाला याचा त्याच्यावर परिणाम कमी होतो, आणि त्याच तुकड्याच्या शेजारच्या कापात डिटर्जंटविना अँटिबॉडी लावून कुठला थर उजळतो ते बघा. ग्रॅन्यूल थर आणि मॉलेक्युलर थर वेगळे दिसले तर 'लहान मेंदू' असं लिहू नका, सरळ थराचं नाव लिहा.